दिवसातून एकदाच जेवते, आता भूकच लागत नाही

प्रश्न : वय ३६, उंची पाच फूट दोन इंच. मी शाळेत शिकवते, शाळा साडेदहा ते साडेपाच. आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम म्हणून एक वेळ जेवायला लागले. सकाळी आणि दुपारी नुसता चहा, जेवण रात्री साडेआठला सगळ्यांबरोबर. वजन ६४ वरून ५८ किलोवर आलं, म्हणून कार्तिकी झाली तरी सोडलं नाही. सुरुवातीला दुपारी पोटात कावळे ओरडायचे, आता दिवसभर भूक अशी लागतच नाही. पण रात्री पानावर बसलं की हात थांबत नाही. चार पोळ्या, भात, वरून फरसाण, गोड, अगदी पोटाला तड लागेपर्यंत. सकाळी पित्त. चार वाजता डोकं धरतं, वर्गात मुलांवर ओरडते. केस हातात येतात. या वेळी पन्नास दिवस झाले तरी पाळी नाही. सासूबाई म्हणतात, त्यांनी असे कितीतरी चातुर्मास काढले. व्हिडिओत सांगतात, ‘भुकेचं ऐका’. मला ती जाणवतच नाही, तर ऐकू काय? सोडलं तर वजन परत येईल ही भीतीही आहे. माझं बघून यजमानांनीही गेल्या आठवड्यापासून सुरू केलंय. त्यांना शुगरची गोळी आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, रोज सकाळी एक.
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी आणि जेवण थेट रात्री, म्हणजे मधले दहा-बारा तास रक्तातली साखर खाली ओढली जाते आणि तिला सावरायला पोटात काहीच नसतं. नुसती मेटफॉर्मिन असती तर हा धोका फार कमी होता. या जोडगोळीत तो आहेच. त्यांनी आजपासूनच पूर्वीसारखं वेळेवर खावं. गोळी मनाने बंद करू नये आणि उपाशीपोटीही घेऊ नये. जेवणाच्या वेळा बदलायच्याच असतील तर आधी डॉक्टरांकडून औषध आणि त्याची वेळ बदलून घ्यायची, मग ताट. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताना अडखळणं यातलं काही दिसलं आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असला, तर तीन भरलेले चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. मीटर हाताशी नसेल तर त्याची वाट बघू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या आणि मग पोळी-भाजी खायला घाला. या गोळीचा असर रेंगाळतो, त्यामुळे साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता तुमचं. पाळी पन्नास दिवस नाही, तर पहिलं काम मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणणं. तशी शक्यता नाही असं वाटत असलं तरी करा, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर अवलंबून आहे. दिवस राहिले असतील तर एक वेळचं जेवण त्याच क्षणी बंद आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट.

टेस्ट निगेटिव्ह आली, तर पाळी, केस, चार वाजताची चिडचिड आणि रात्रीचा न थांबणारा हात या चार वेगळ्या तक्रारी आहेत असं समजू नका. भूक मेलेली नाही. तिचं पोटातलं ओरडणं थांबलं आणि ती दुसरीकडून बोलायला लागली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पोटातलं ओरडणं थांबलं कसं? रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला भूक कळवतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. त्याची एक खोड अशी की ते तुमच्या जेवणाच्या नेहमीच्या वेळा शिकून घेतं. एक वाजता डबा उघडायची सवय असेल तर ते एकच्या आधी चढतं आणि डबा उघडला नाही तर तास-दोन तासांत आपोआप ओसरतं. काही आठवडे रोज एकला उपाशी राहिलं की एकची लाट बारीक होते आणि रात्रीची तेवढी उरते. त्यात चौदा-सोळा तासांच्या उपासानंतर शरीर चरबी जाळून जे कीटोन तयार करतं, त्यांनीही भूक थोडी दबते. वर दोन-तीन कप चहा. वर पाच-सहा तास वर्गात उभं राहून बोलणं. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर पोट गप्प झालं तर नवल नाही. पण शरीराची गरज पोटाच्या आवाजावर चालत नाही. हातपाय गार पडणं, शब्द चटकन न आठवणं, लहानशा गोष्टीवर भडकणं, दुपारी मोबाइलवर खाण्याचेच व्हिडिओ बघत बसणं, ही सगळी भुकेचीच लक्षणं आहेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षण केलं होतं. ती माणसं चिडखोर झाली, अन्नाशिवाय दुसरं काही त्यांना सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आणि पुन्हा हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना कितीही खाल्लं तरी पोट भरल्याची खात्री वाटेना. तुमची रात्र वाचताना हाच प्रयोग आठवतो. तेव्हा ‘माझा जिभेवर ताबा नाही’ असं स्वतःला बोलणं आजपासून सोडा. चोवीस तासांची तूट घेऊन पानावर बसलेलं कोणतंही शरीर असंच तुटून पडतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तोवर चार पोळ्या संपलेल्या असतात.

पाळीचंही तसंच. मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोशांना संदेश पाठवत असतो, आणि अन्न कमी पडतंय असं दिसलं की तो हे संदेश आधी मंदावतो. मूल वाढवण्याइतकी शिधासामग्री नाही, असा त्याचा हिशोब. चरबी सोडून उरलेल्या वजनामागे, दर किलोला रोज ३० कॅलरीच्या खाली गेलं की हा धोका वाढतो. तुमच्या बाबतीत ते वजन अंदाजे ४० किलो धरलं तर १२०० कॅलरी, आणि त्याही चालण्या-व्यायामात जाणाऱ्या सोडून. ज्या रात्री तड लागेपर्यंत खाता त्या रात्री हा आकडा गाठलाही जात असेल. ज्या रात्री दमून दोन पोळ्यांवर उठता त्या रात्री नाही. केसांचं गणित दोन-तीन महिने मागे चालतं. आज गळणारा केस भाद्रपद-आश्विनातल्या उपासमारीचा आहे. म्हणून खाणं सुधारल्यावरही दोन-तीन महिने केस जातील. घाबरून तेलं आणि शाम्पू बदलत बसू नका.

एका जेवणात गरज भागते का, हे ताटच वाढून बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रथिनं रोज दर किलोला ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला ४८ ग्रॅम. आता बसा जेवायला. ज्वारीच्या तीन भाकऱ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या : १५ ग्रॅम. ४० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण : ९. तेवढ्याच कोरड्या मटकीची उसळ : ९. दीडशे ग्रॅम दही : ५. झाले ३८. अजून दोन अंडी किंवा पन्नास ग्रॅम पनीर घातलं तर ४८ च्या आसपास. भाजी, कोशिंबीर आणि भात अजून वाढलेलाच नाही. कॅल्शियम १००० मिलिग्रॅम लागतं. त्यासाठी या ताटावर अर्धा लिटर दूध किंवा मूठभर तीळ आणि नाचणी हवी, आणि शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषून घेतं. पाळी येणाऱ्या बाईला लोह २९ मिलिग्रॅम, ते तर तीन वेळा जेवूनही अवघड. एवढं ताट एका बैठकीत, रात्री साडेआठला, रोज, आनंदाने खाणारी व्यक्ती सापडणं कठीण. प्रत्यक्षात काय होतं? उसळ आणि दही राहतं, पोळी-भात आणि फरसाण पोटात जातं. कॅलरी जेमतेम भरतात आणि बाकी सगळं उणं राहतं.

त्यात वेळ रात्रीची. साखर पचवण्याची शरीराची ताकद दिवसा जास्त असते, रात्री उतरते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेहमीच्या वजनाच्या निरोगी मध्यमवयीन माणसांना आठ आठवडे दिवसाचं सगळं अन्न संध्याकाळच्या एकाच जेवणात दिलं, आणि आठ आठवडे तेवढंच अन्न तीन वेळांत. २१ जणांपैकी १५ जणच शेवटपर्यंत टिकले. एक वेळच्या जेवणात वजन थोडं उतरलं, पण भूक जास्त राहिली आणि सकाळची उपाशीपोटीची साखर तीन वेळांच्या तुलनेत वर गेली. तुमचं सकाळचं पित्तही यातलंच : दिवसभर रिकाम्या पोटी चहा, रात्री जठर ताणलं जाईपर्यंत जेवण आणि लगेच आडवं होणं. आणखी एक. पित्ताशय रिकामं होतं ते खाल्ल्यावर. ते रोज वीस-बावीस तास तुंबून राहिलं की खड्यांची शक्यता वाढते. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर अंगावर काढू नका, सोनोग्राफी करून घ्या.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण त्यांना एक विचारा : तुम्ही जेवत कधी होतात? एकभुक्ताचं जेवण परंपरेने मध्यान्हीचं. रात्री जेवायचं व्रत वेगळं, त्याला नक्त म्हणतात. जैनांचं एकासणंही सूर्यास्ताच्या आत, एका जागी बसून. शिवाय बऱ्याच घरांत संध्याकाळी दूध, फळ, राजगिऱ्याचा लाडू असा फराळ चालायचा. आणि नेम चार महिन्यांचा असायचा, त्याला शेवट होता. तुमचा नेम कार्तिकीला पूर्ण झाला आहे. आता चालू आहे ते डाएट, आणि डाएट थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीची आपल्याकडे घरोघरी चर्चा झाली, तीसुद्धा दोन जेवणांची आहे : कडकडून भूक लागेल तेव्हाच, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. दोन जेवणांनी फरक पडतो तर एका जेवणाने दुप्पट पडेल, असं गणित अनेकजण परस्पर मांडतात. ते गणित चुकतं.

‘भुकेचं ऐका’ हा सल्ला चांगला आहे, पण तुम्हाला आज तो लागू नाही. ज्या भुकेला पाच महिने दाद मिळाली नाही ती एका दिवसात खरं बोलायला लागत नाही. आधी तिला घड्याळ लावून खायला घाला. तीन-चार आठवडे भूक असो-नसो, ठरल्या वेळी जेवायचं. ऐकणं त्यानंतर.

पहिल्या आठवड्यात फक्त एक बदल करा, मधल्या सुट्टीतला डबा. एक भाकरी किंवा दोन लहान पोळ्या, एक वाटी घट्ट उसळ किंवा दोन अंड्यांची भुर्जी, एक वाटी दही. रात्रीचं मुद्दाम काही कमी करू नका. पहिले तीन-चार दिवस डबा नकोसा वाटेल, पोट जड होईल, संध्याकाळी उलट जास्त भूक लागेल. हे अपेक्षित आहे. दुपारची घ्रेलिनची लाट जागी व्हायला एवढा वेळ लागतोच. डबा पूर्ण जात नसेल तर अर्धा खा, पण त्याच वेळी खा.

दुसऱ्या आठवड्यात शाळेतून आल्यावर, सहाच्या सुमारास, एक मूठ फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे (साधारण ३० ग्रॅम) आणि कपभर दूध किंवा एक पेरू. रात्रीच्या हाताला लगाम घालणारी गोष्ट हीच आहे, ती टाळू नका. रात्रीचं जेवण साडेसातवर आणा. घरचे साडेआठला बसत असतील तर तुम्ही आधी जेवा आणि त्यांच्याबरोबर ताक घेऊन बसा. जेवताना आधी कोशिंबीर-भाजी आणि वाटीभर वरण, मग पोळी, भात शेवटी. दोन पोळ्या झाल्या की पाच मिनिटं थांबा. ‘आता पुरे’ म्हणण्यासाठी हा थांबा नाही, हवं असेल तर नक्की पुढे वाढून घ्या. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पित्त त्यानेच निम्मं कमी होईल. चहा जेवणाच्या आधी-नंतर एक तास नको, त्यातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेला निघण्यापूर्वी काहीतरी खाता येतं का ते बघा : वाटीभर पोहे, एक घावन, नाहीतर दूध आणि केळं. नाहीच गेलं तर हरकत नाही. दुपार, संध्याकाळ आणि रात्र सांभाळली तरी तुमचं काम होईल.

हे सगळं जिथे फसतं ती जागा ठरलेली आहे. एखाद्या रात्री, लग्नाच्या पंगतीत किंवा घरी पाहुणे आल्यावर, जास्त जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून डबा घरी ठेवला जातो. तिथेच चक्र पुन्हा फिरायला लागतं. आदल्या रात्री कितीही खाल्लं असो, दुसऱ्या दिवशीचा डबा व्हायलाच हवा. दुसरी फसगत म्हणजे डब्याऐवजी चहा-बिस्किट किंवा नुसतं सफरचंद. त्यात प्रथिनं नाहीत, दीड-दोन तासांत पुन्हा पोकळी, आणि ‘खाल्लं तरी उपयोग नाही’ असा चुकीचा निष्कर्ष.

तिसरी फसगत वजनकाट्याची. खाणं वाढलं की पहिल्या आठ-दहा दिवसांत काटा एक-दीड किलो वर जाईल. ही चरबी नाही. यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, रिकामा झालेला साठा भरतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, शिवाय आतड्यांत अन्न असतं ते वेगळं. बहुतेकजणी याच आठवड्यात घाबरून परत उपाशी राहायला लागतात. काटा पंधरा दिवस कपाटावर ठेवून द्या. नंतर आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. तुमच्या उंचीला ५८ किलो चांगलं वजन आहे. पुढचे तीन महिने ते आणखी उतरवायचं नाही, टिकवायचं. रोज अर्धा तास चालणं आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून दंड अशी ताकदीची कामं केलीत तर उतरलेल्या सहा किलोंत जो स्नायू गेला असेल तोही परत येईल. पाळी सुरू होईपर्यंत याहून जास्त व्यायाम नको.

चौथ्या आठवड्यापासून भुकेचं ऐकायला लागा. जेवायच्या आधी शून्य ते दहा असा एक आकडा मनात धरा : शून्य म्हणजे भोवळ, पाच म्हणजे ना भूक ना भरलेलं, दहा म्हणजे पोटाला तड. तीन-चारवर असताना जेवायला बसावं आणि सहा-सातवर उठावं. दोनच्या खाली जाऊन बसलात तर नऊवर उठणार हे धरून चाला, त्याला मनोनिग्रहाचा इलाज नाही, आधी खाणं हाच इलाज. संशय आला की स्वतःला विचारा : आत्ता साधी भाकरी आणि पालेभाजी समोर आली तर खाईन का? हो, तर ती पोटाची भूक, लगेच खा. फक्त फरसाणच हवं असेल तर बहुतेक वेळा थकवा, कंटाळा किंवा कुणाशी झालेली बोलाचाली असते. तेव्हा दहा मिनिटं गॅलरीत जा, कुणाशी तरी बोला, आणि तरीही हवंसं वाटलं तर वाटीत काढून, बसून खा, पुडक्यातून उभ्याने नको. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक खरोखरच वाढते, तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवून जास्त वाढून घ्या.

रक्त मात्र चौथ्या आठवड्याची वाट न बघता आताच तपासून घ्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर). हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही मागा. नीट खायला लागल्यावरही पाळी तीन महिन्यांत आली नाही, किंवा मधल्या काळात चक्कर येऊन पडलात, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पाच महिने काय खाल्लंत ते त्यांना सगळं सांगा. लाजेपोटी बायका नेमकं हेच लपवतात आणि नको त्या हार्मोनच्या गोळ्या पदरात पडतात.

शेवटी पत्रात नसलेलं एक विचारतो. जास्त खाल्ल्यावर घशात बोटं घालून ओकारी काढावीशी वाटते का, जुलाबाचं औषध घेतलं आहे का, घरातले झोपल्यावर लपून खाणं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर वरचा बेत एकटीने करू नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.